हातांनी विचार करताय? मग या चुका टाळा

1952 साली बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेत गणितज्ञ क्लॉड शॅननने एक पेटी बनवली. कल्पना मार्व्हिन मिन्स्कीची, जो पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा संशोधक म्हणून गाजला. पेटीवर एकच बटण. ते चालू केलं की झाकण उघडतं, आतून एक हात बाहेर येतो, बटण बंद करतो आणि परत आत जातो. शॅननच्या टेबलावरची ही पेटी पाहून विज्ञानकथा लेखक आर्थर क्लार्क अस्वस्थ झाले होते. यंत्र नेमकं कशासाठी असतं, हा प्रश्न ती कुठल्याही निबंधापेक्षा थेट विचारते. असा प्रश्न विचारणारी वस्तू बनवायची, म्हणजे हातांनी विचार करायचा, तर हीच पेटी आधी करून बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वस्तू चालतीच करायची नाही. पुठ्ठ्याचं मॉडेल मांडायचं आणि ‘इथून हात येतो असं समजा’ म्हणायचं. समजायचंच असेल तर बनवायचं कशाला? सहा पिनांचा टॉगल स्विच (दांडी असलेलं हेच ते बटण), लिमिट स्विच (हात आत येऊन टेकला की मोटर थांबवणारा), गिअरची मोटर आणि दोन सेल एवढ्यात काम होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं. बटण दाबल्यावर हात बाहेर येण्याऐवजी मागे रेटत असेल, तर मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. हात बटणापर्यंत पोचतो पण ते बंद होत नाही? तो बटणाच्या दांडीला बुडाशी ढकलतोय. टोकाशी लागेल असा लांब करा. बटण बंद करून हात तिथेच थांबला, तर लिमिट स्विचची वायर एनसीऐवजी (एरवी जोडलेली पिन) एनओवर (एरवी तुटलेली पिन) लागली आहे. आत जाऊनही मोटर घुरघुरत राहिली, तर हात लिमिट स्विचच्या पट्टीपर्यंत पोचतच नाहीये.

पेटी चालू लागली की मोटरचा वेग बदलून बघा. हात सावकाश आला तर कंटाळलेला वाटतो, झटक्यात आला तर चिडलेला. आत मोटर आणि दोन स्विचच आहेत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, तरी मन त्यात स्वभाव शोधतं. यंत्राला आपण माणूसपण किती सहज देतो, हे कागदावर लिहून असं जाणवलं नसतं.

उत्तर आधीच ठरवणं ही दुसरी चूक. ‘मोबाइलने माणसं तोडली’ हे सांगायला पिंजऱ्यात फोन ठेवला तर ते पोस्टर झालं. बनवताना तुमचं मत बदलायला जागाच उरली नाही.

शेजारी अर्थ सांगणारी पाटीही नको. लोकांना आधी बटण दाबू द्या. एकदा दाबून थांबणारा क्वचितच भेटतो.

आणि बिघडलेलं टाकून देऊ नका. थॉमस थ्वेट्स या ब्रिटिश डिझायनरने स्वस्तातला टोस्टर खोलला, तर त्यात 400 हून जास्त सुटे भाग निघाले. मग खनिजापासून सुरुवात करून त्याने स्वतः टोस्टर बनवला, लोखंडासाठी मायक्रोवेव्हचीही मदत घेतली. घरातल्या विजेवर लावल्यावर तो काही सेकंदच टिकला. पण एका साध्या टोस्टरमागे किती खाणी, किती कारखाने आणि किती माणसं उभी असतात, हे त्याच्या वितळल्यासारख्या, ओबडधोबड प्लास्टिकच्या आवरणातूनच कळतं. तो गुळगुळीत झाला असता तर आणखी एक टोस्टर, एवढंच. म्हणून जळालेली मोटर, चुकीचा कापलेला हात, पहिलं वाकडं झाकण हे सगळं तयार पेटीच्या शेजारीच मांडा.