सोलर बसवायचाय? ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे बघून घ्या

सध्या जो तो गच्चीवर सोलर बसवतोय, चांगलंच आहे, पण लोक पॅनलचा ब्रँड ठरवण्यात आठवडे घालवतात आणि कोटेशनच्या बाकीच्या ओळी वाचतच नाहीत, मग पुढे त्रास होतो तो त्याच ओळींमुळे.

आधी वर्षभराची लाईटबिलं काढा. नुसत्या मे महिन्याच्या बिलावरून साईज ठरवू नका, ते एसी-कूलरने फुगलेलं असतं. आपल्याकडे १ किलोवॉट महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी, म्हणजे ३०० युनिट वापर असेल तर ३ किलोवॉट बास झालं. व्हेंडर म्हणेल ५ घ्या, जास्तीची वीज विका. विकून फार काही हाती लागत नाही हो, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात पण ३१ मार्चला जे उरतात त्यांना भाव किरकोळ मिळतो. आणि केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडीपण ३ किलोवॉटला ७८,००० वर थांबते, त्यापुढे वाढत नाही.

ही सबसिडी सिस्टीम चालू होऊन तपासणी झाल्यावर थेट तुमच्या खात्यात येते, त्यामुळे "सबसिडी वजा करून सांगतो" असा भाव कोणी दिला तर पूर्ण रक्कम लिहून मागा. सबसिडीसाठी पॅनल डीसीआर लागतात, म्हणजे आतले सेलसुद्धा भारतात बनलेले, तेव्हा कोटेशनवर डीसीआर शब्द दिसलाच पाहिजे. बऱ्याच घरात मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं, ते नाव आधी बदलून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.

आता सावली. यात सगळ्यात जास्त लोक फसतात कारण साईट बघायला माणूस येतो भर दुपारी आणि तेव्हा गच्ची स्वच्छ उन्हात असते. तुम्ही स्वतः सकाळी ९ ला आणि दुपारी ४ ला वर जाऊन बघा, टाकी, जिन्याची खोली, शेजारचा नारळ कुठवर येतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, मे मध्ये पायाशी पडणारी टाकीची सावली तेव्हा लांबवर पसरते, आणि साध्या इन्व्हर्टरवर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकावर सावली पडली तरी माळेचं उत्पादन घसरतं.

पॅनल ज्यावर बसतात त्या स्ट्रक्चरसाठी स्लॅबला भोकं पाडणार का हे आधीच विचारा. पाडलीच तर वॉटरप्रूफिंग कोण करणार ते कागदावर घ्या, पहिल्याच पावसात छत गळायला लागलं की फोन उचलत नाहीत. त्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे बरे, पण वाऱ्याच्या हिशोबाने वजनदार हवेत. कोकणात, गोव्यात खारी हवा आहे, तिथे हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं लोखंडच मागा, रंग मारलेलं लोखंड नको.

लाईट गेली की साधा ऑनग्रीड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला सोलरपण बंद पडतो, भर उन्हातसुद्धा, त्याची वीज बाहेर जाऊन लाईनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून. बॅकअप हवा तर बॅटरीवाला हायब्रीड घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो.

नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं मीटर, लागायच्या आधी सिस्टीम चालू करू देऊ नका, जुनं मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापर म्हणून मोजू शकतं. शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा, आणि देताना पॅनलचे सिरीयल नंबर, इन्व्हर्टरचं वॉरंटी कार्ड, ५ वर्षांच्या मेंटेनन्सचा कागद, सगळं ताब्यात घ्या.