मुलाच्या हार्ट ऑपरेशनला निघायच्या आधी दात बघा

गोव्यातून मुलाच्या हार्ट ऑपरेशनला मदत मागायला जाताना आधार, रेशनकार्ड, फोटो सगळे नेतातच. फक्त मुलाचं नाव जन्मदाखल्यावर आणि आधारवर सारखं आहे ना बघा, एका अक्षरावर फाईल अडते. उत्पन्नाचा दाखला मामलेदारांकडून, ताजा.

आता दात. ऑपरेशनच्या आधी मुलाचे दात तपासून घ्या. मागच्या वेळी एका पोरीचं हेच राहिलं, मंजुरी आली, तिकिटं झाली आणि भरती करताना डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तर मागच्या दोन दाढा किडलेल्या, ऑपरेशन पुढे ढकललं, आईबाप पोरीला घेऊन परत वाळपईला. किडक्या दातातले जंतू रक्तात जातात आणि हृदयाच्या आतल्या अस्तरावर, छिद्र बुजवायला लावलेल्या नव्या पॅचवर बसतात, ते इन्फेक्शन जिवावर बेततं, म्हणून सर्जन थांबतात आणि बरोबरच करतात. दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत असं घरात कोणीतरी म्हणेल, ऐकू नका. डेंटल कॉलेज बांबोळीलाच आहे, इकोसाठी (हृदयाची सोनोग्राफी) गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, याल त्याच दिवशी जाऊन या. इकोचा रिपोर्ट तिथे आधी दाखवा, कारण ओठ-नखं निळी पडणाऱ्या मुलाचा दात काढायच्या आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. आणि दात ठीक आहेत हे कागदावर लिहून घ्या, तोंडी चालत नाही.

पैसे. गोवा सरकारचं दीनदयाळ स्वास्थ्य कार्ड आधी काढा, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघं किंवा जास्त असतील तर 4 लाख. गोमेकॉत जे होत नाही त्याच्यासाठी सरकारची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. नवी मुंबईत खारघरच्या श्री सत्यसाई संजीवनी हॉस्पिटलात मुलांची हार्ट ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात, तिथेही विचारा. बाकी ट्रस्टना आणि पंतप्रधान मदत निधीला हॉस्पिटलचं ओरिजिनल एस्टिमेट लागतं, सही-शिक्क्यासकट, झेरॉक्स पाठवू नका. मदत थेट हॉस्पिटलच्या नावावर जाते, आधी कर्ज काढून बिल भरलं तर ते पैसे मागून मिळतील असं धरू नका, मंजुरीचं पत्र येईपर्यंत सोनं गहाण ठेवू नका. पण डॉक्टर म्हणाले अर्जंट, तर कागदांसाठी थांबायचं नाही, भरती करा आणि हॉस्पिटलच्या सोशल वर्करला लगेच गाठा.

ऑपरेशन फुकट झालं तरी राहणं, जेवण आणि बापाची बुडालेली रोजंदारी कोणी देत नाही, तेवढी कॅश वेगळी ठेवा. खारघरला जायचं तर थिवीला कोकणकन्या एक्सप्रेस पकडा, पनवेलला उतरा. निघायच्या आदल्या दिवशी सर्दी-ताप असेल तर फोन करून विचारा, तसंच घेऊन गेलात तर परत पाठवतील. दातांचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर.

रक्त देणारे किती लागतील ते आधी विचारा. डिस्चार्जच्या वेळी गोळ्या किती दिवस, टाके कधी, पुढचा इको कधी, सगळं लिहून घ्या.