गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाताय? मग आधी मांड्यांची तयारी करा

आम्ही पुण्याचे अकरा जण, गेली दोन वर्षं फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जातोय. यंदा पाच जण नवीन आहेत आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, जॅकेट कुठून घेऊ? जॅकेट तिकडे भाड्याने मिळतं हो, बूट-स्की-पोल सगळंच मिळतं. तुम्ही आत्तापासून पायांकडे बघा.

स्कीवर दिवसभर गुडघे वाकवून, वजन पुढे टाकून उभं राहायचं असतं. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की हॉटेलचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मी पहिल्या वर्षी नुसती पळायची प्रॅक्टिस करून गेले होते, दम पुरला पण मांड्या पुरल्या नाहीत. म्हणून आता नोव्हेंबरपासून दर रविवारी सिंहगड, आणि त्यात चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं, कारण उतरताना मांड्या ब्रेक मारतात आणि स्नोप्लाऊ करताना, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कमी करताना, नेमकं तेच काम असतं. घरी भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं बसा, 30 सेकंदांपासून सुरू करून हळूहळू दोन मिनिटांपर्यंत न्या.

आता बूट. यात घाई करू नका, दुकानात मागे लाईन असली तरी. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, नडगीच्या वरपर्यंत येणारा. थंडी वाजेल म्हणून दोन जोड्या घातल्या तर पाय आवळला जातो आणि उलट जास्त गार पडतो. थर्मलची मोरी बुटात जाऊ द्यायची नाही, आत फक्त मोजा. बकल लावून सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे, गुडघे पुढे दाबले की सुटला पाहिजे आणि टाच जागची हलायला नको. मला पहिल्या वर्षी एक साईझ मोठा बूट मिळाला, घालताना आरामशीर वाटला म्हणून मी पण काही बोलले नाही, दोन दिवसांत नडगी सोलवटून निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास घालवून बदलून घेतला आणि त्याच दुपारी पहिला नीट टर्न जमला! आणि वजन विचारलं तर खरं सांगा, पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची ते बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीवर पकडून ठेवणाऱ्या क्लिपचं, सेटिंग त्यावरही ठरतं.

प्रवासाचं थोडक्यात. प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड करून जा. श्रीनगरहून तंगमर्गपर्यंत साधी गाडी, पुढचे साधारण 13 किलोमीटर बर्फ असेल तर टायरला चेन लावलेली गाडी. चिल्लई कलान, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे कडाक्याचे 40 दिवस, यात बर्फ पडणारच असं धरून चालू नका. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, 2025 ला बर्फ नाही म्हणून तिथले खेलो इंडिया विंटर गेम्स पुढे ढकलावे लागले. त्यामुळे तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा आणि दोन दिवस हाताशी जास्त ठेवा.

ग्रुपबद्दल मात्र मनापासून सांगते. नवऱ्याने बायकोला, मित्राने मित्राला शिकवायचं नाही, चार जणांत एक इन्स्ट्रक्टर घ्या. सुट्टी जास्त असेल तर तिथल्या सरकारी संस्थेचा 14 दिवसांचा कोर्स बघा. आणि "चल ना वर, काही होत नाही" हे वाक्य आमच्यात बंद आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर साधारण 3,950 मीटरवर जातो, तिथून स्कीवर उतरणं नवख्याचं काम नाही, शिवाय तिकडे अॅव्हलांचचा, म्हणजे बर्फाचा कडा कोसळण्याचा, धोका असतो, माणसं गेलेली आहेत.

मागच्या वर्षी आमच्यातल्या 54 वर्षांच्या काकू चारही दिवस खालच्या उतारावरच होत्या. स्की आडव्या ठेवून एकेक पाऊल वर चढायचं, वळायचं, खाली यायचं, परत चढायचं. शेवटच्या दुपारी त्या न पडता खालपर्यंत आल्या, अगदी आमच्यासमोर येऊन थांबल्या आणि गॉगल वर करून म्हणाल्या, "अजून एकदा जाऊन येऊ का गं?" आम्ही सगळे तिथेच नून चहा, म्हणजे काश्मिरी खारट चहा, घेत थांबलो, त्या आणखी तीनदा जाऊन आल्या.