तेल सांडल्यावर खाडीतले मासे मोजताय? या चुका टाळा

ऐरोलीला ठाण्याच्या खाडीकाठी वही घेऊन बसायला लागलो तेव्हा पहिली चूक केली ती तिथीची. एका आठवड्यात पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकून बोयट माशांची चांगली रास निघाली, पुढच्या आठवड्यात त्याच जागी जेमतेम ओंजळभर. मधल्या काळात पाण्यावर तवंग दिसला होता, त्यामुळे मी लगेच लिहून मोकळा झालो, ‘तेलामुळे मासे घटले.’ शेजारी जाळं सोडवत बसलेल्या मामांनी वहीत डोकावून तिथी विचारली. पहिल्या वेळी अमावस्येचं उधाण होतं, दुसऱ्या वेळी अष्टमीचा भांग, म्हणजे भरतीचं पाणी कमी चढण्याचे दिवस. मामा हसले, ‘‘पानी चरलाच नाय, त मावरा कुठशी येल?’’

तेव्हापासून वहीत माशांच्या आकड्याआधी तिथी, भरती-ओहोटीची वेळ, जाळ्याचा प्रकार आणि आस (जाळ्याच्या भोकाचं माप) लिहितो. नुसते ‘चाळीस बोयटं’ याला अर्थ नाही. किती फेकींत चाळीस, ते हवं. रिकाम्या फेकीही मोजायच्या. नवे स्वयंसेवक हमखास त्या गाळतात, कारण ‘काही आलंच नाही तर लिहायचं काय?’ शून्य लिहायचं. त्या शून्यांशिवाय सरासरी फुगते आणि तेलाचा परिणाम झाला असेल तर नेमका तोच झाकला जातो.

तिथीच्या वरची पायरी हंगामाची. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं एकमेकांवर आदळली, सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि वाशी-ऐरोलीच्या तिवरांपर्यंत (खारफुटीपर्यंत) त्याचे काळे पट्टे आले. यांत्रिक बोटी तेव्हा पावसाळी बंदीमुळे किनाऱ्यालाच होत्या, नारळी पौर्णिमा यायची होती. पुढे लोकांनी भीतीने मासळी घेणं सोडलं. गिऱ्हाईक नसेल तर बोट कोण काढणार? अशा वेळी बाजारात मासळी कमी आली म्हणून खाडीतली मासळी कमी झाली, असं म्हणता येत नाही. ऑगस्टची तुलना ऑगस्टशीच करा, तीही बाजाराच्या टोपल्यांवरून नको.

याच गोंधळाचा मोठा नमुना मेक्सिकोच्या आखातात आहे. एप्रिल २०१०मध्ये डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला आणि ८७ दिवस तेल वाहत राहिलं. तिथल्या खडकांवरचे मासे रिमोटच्या पाणकॅमेऱ्याने मोजले गेले. पण त्याच उन्हाळ्यात अमेरिकी हद्दीतल्या आखाताचा ३७ टक्क्यांपर्यंत भाग मासेमारीला बंद होता, म्हणजे मोठे मासे वाचले. आणि त्याच वर्षी लायनफिश हा परका, खादाड मासा उत्तर आखातात पहिल्यांदा दिसला, म्हणजे लहान मासे संपायला लागले. तेल, बंदी आणि लायनफिश, तिन्ही एकदम. त्यामुळे ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढं पुरत नाही. तेल न पोचलेली तशीच दुसरी जागाही सोबत मोजावी लागते. (आपल्या खाडीत कॅमेऱ्याच्या भानगडीत पडू नका. आत सोडला की दुधाचा चहा दिसतो.)

‘पण ठाण्याच्या खाडीत प्रवाळ कुठे, खडकावरच्या माशांचा इथे काय संबंध?’ हा प्रश्न मला दर वेळी येतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच आहे. तांबोशी आणि हेकरू मोठेपणी बाहेरच्या खडकांवर राहतात, पण त्यांची पिल्लं तिवरांच्या मुळांत, खाडीच्या खाजणात वाढतात. खडकावरचे मासे मोजून ‘सगळं ठीक आहे’ म्हणाल, तर ते तेलाआधी जन्मलेले मासे असतील. खाडीत बोटभर लांबीची पिल्लंच नसतील, तर त्याची झळ खडकावर दोन-चार वर्षांनी लागेल. म्हणून संख्येबरोबर लांबी मोजा. मधलाच एखादा आकार गायब असेल तर कान टवकारा. अंडी आणि पिल्लं तेलाला फार नाजूक असतात. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तेलघटकांनीही भ्रूणाचं हृदय नीट घडत नाही, हे प्रयोगांत दिसलं आहे. अशी पिल्लं मरून किनाऱ्याला लागत नाहीत, त्यामुळे ‘मेलेले मासे दिसले नाहीत’ हा पुरावा धरू नका.

उलटंही होतं. उन्हाळ्यात सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू उतरतो, मासे पांढरे पोट वर करून तरंगतात आणि मोबाईलवर ‘तेलगळती’ म्हणून व्हिडिओ फिरतो. प्राणवायू मोजल्याशिवाय तेलावर खापर फोडू नका. चिखलावर इंद्रधनुषी पापुद्रा दिसला तर काडीने ढवळा. तुटून काचेसारखे तुकडे झाले तर बहुतेक लोहजिवाणूंची साय. गोल फिरून पुन्हा एकजीव झाला तर तेल.

नमुना घेताना लोक मिनरल वॉटरची रिकामी बाटली पुढे करतात. प्लास्टिकला तेलाचे घटक चिकटतात, शिवाय प्लास्टिकचेही नमुन्यात उतरतात. पाण्याला तपकिरी काचेची बाटली, माशाला अॅल्युमिनियम फॉइल, आणि दोन्ही बर्फात. बोटीचं इंजिन चालू ठेवून मागच्या बाजूने पाणी भरलंत तर प्रयोगशाळा तुमच्याच डिझेलचा अहवाल देईल.

माशाचं नुसतं मांस तपासणं हीसुद्धा चूकच. मासा तेलातले विषारी घटक यकृतात फोडून पित्तातून बाहेर टाकतो, त्यामुळे मांस स्वच्छ आणि पित्तात खुणा, असं सर्रास होतं. ‘खायला चालेल का’ हे मांस सांगेल, ‘माशाला तेल लागलं का’ हे पित्त. त्यातही नुकतंच खाल्लेल्या माशाची पित्ताची पिशवी रिकामी सापडते, हे ध्यानात ठेवा. कालवं आणि तिसऱ्या या शिंपल्यांतल्या जीवांना हे घटक माशासारखे फोडता येत नाहीत, ते अंगात साठतात. कालवांच्या खडकाची जागा नकाशावर टिपून ठेवा आणि दर वेळी तिथलीच घ्या.

आधीची नोंद नसणं ही चूक तेल आल्यावर सुधारता येत नाही. पनामातल्या गॅलेटाजवळ १९८६मध्ये तेल सांडलं, तेव्हा शेजारच्या संशोधन केंद्राकडे तिथल्या प्रवाळांच्या आणि तिवरांच्या आधीच्या नोंदी होत्या, म्हणून नुकसान नेमकं सांगता आलं. आणि तिवरांच्या चिखलातून तेल पुढे पाच वर्षं तरी झिरपत राहिलं. आपल्याकडे मात्र तवंग गेला की वहीही बंद. अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ या तेलवाहू जहाजाचं तेल १९८९मध्ये सांडलं, तिथली हेरिंग मासळी कोसळली १९९३मध्ये. ते तेलाने की रोगाने, यावर वाद आहेत; पण दोन वर्षांनी मोजणी थांबवली असती तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

आता सावरण्याबद्दल. घाईने साफसफाई करणारे मला तेलापेक्षा जास्त भीती घालतात. १९६७मध्ये टॉरी कॅनियन या तेलवाहू जहाजाच्या अपघाताच्या वेळी इंग्लंडच्या किनाऱ्यावर फवारलेल्या डिटर्जंटने खडकांवरचे जीव तेलापेक्षा जास्त मेले. फ्रान्समध्ये १९७८च्या अमोको कॅडिझ जहाजाच्या तेलगळतीनंतर किनाऱ्यावरच्या खाऱ्या, गवताळ दलदलीतला तेलकट चिखल यंत्रांनी खरवडला, आणि हात न लावलेले भाग त्याच्या आधी सावरले. तेव्हा तिवरांत फावडी घेऊन पन्नास जणांची फौज उतरवू नका. एकेका पावलाने तेल खाली दाबलं जातं, जिथे प्राणवायू नाही आणि ते कुजतही नाही. काठावरचे गोळे हाताने उचला, आत लाकडी फळ्या टाकूनच जा.

मत्स्यबीज सोडण्याचाही उत्साह असतो. तिलापिया टिकाऊ म्हणून सोडणं म्हणजे बोयटांच्या घासात वाटेकरी आणणं. सिमेंटचे कृत्रिम खडक ठाण्याच्या गाळात रुततात, आणि जिथे टिकतात तिथेही मासे वाढले की आजूबाजूचे तिथे गोळा झाले, हे वेगळं मोजावं लागतं.

राहिलं रोपं लावणं. तेल मुरलेल्या चिखलात लगेच लावलेली रोपं मरतात, आणि उघड्या चिखलपट्ट्यावर लावली तर जगली तरी नुकसानच, कारण तो पट्टा रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) आणि चिखलावर सरपटणाऱ्या निवट्या माशांच्या चरण्याचा आहे. लावायच्या आधी ओहोटीला एकदा जाऊन उभे राहा. निवट्यांची बिळं आणि त्यांच्या सरपटण्याच्या रेघा दिसल्या, तर रोपं परत घेऊन या.