कॉलेजची विज्ञान इमारत बांधताय? या चुका टाळा

गंगापूर रोडपासून आडगावपर्यंत नाशिकमध्ये कॉलेजांच्या नव्या इमारती उभ्या राहताहेत. बैठकीत टेबलावर पहिला कागद येतो तो दर्शनी भागाचा. विज्ञान इमारतीत मात्र पहिला प्रश्न हवेचा: प्रयोगशाळेतली हवा कुठून बाहेर जाणार आणि तेवढीच कुठून आत येणार?

रसायनशास्त्राची लॅब घ्या. तिथे फ्यूम हूड असतो, म्हणजे घातक वाफा ओढून बाहेर टाकणारं, समोर सरकती काच असलेलं कपाट. दीड मीटर रुंदीच्या फ्यूम हूडची काच अर्धा मीटर उघडी आहे आणि तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला 0.5 मीटर आहे, तर एक हूड तासाला 1,350 घनमीटर हवा ओढतो. 9 बाय 7 मीटरच्या, साडेतीन मीटर उंच खोलीत हवा असते जेमतेम 220 घनमीटर. असे चार हूड लावले, की खोलीतली सगळी हवा तासाला चोवीस वेळा नव्याने यायला हवी. ती कुठून येणार हे नकाशात दाखवलेलंच नसतं. मग खिडक्या बंद केल्या की हूडची ओढ मंदावते, दार जड लागतं आणि बंद असलेल्या हूडच्या पाइपातून बाहेरची हवा उलटी खोलीत शिरते. कॉलेज पंखा बदलतं, वास तसाच राहतो. त्याआधी एक खिडकी उघडून पाहा. ओढ लगेच वाढली, तर दोष पंख्याचा नाही.

दुसरी परीक्षा टिश्यू पेपरच्या पट्टीची. हूडच्या तोंडाशी धरलेली पट्टी सगळीकडे आत झुकली पाहिजे. छताचा पंखा लावताच ती बाहेर फडफडली, तर हूडची जागाच चुकली आहे. दाराशेजारी, खिडकीलगत किंवा पंख्याखाली हूड ठेवूच नये. मुलं तिथे तासन्‌तास उभी असतात.

हूडमधली हवा सोडणाऱ्या गच्चीवरच्या पाइपाला पावसासाठी छत्रीसारखी टोपी बसवतात. ती वाफा खाली ढकलते आणि त्या वरच्या मजल्याच्या खिडक्यांत शिरतात. पाइप गच्चीपासून किमान 3 मीटर वर न्या, तोंड सरळ आकाशाकडे ठेवा आणि पाणी काढायला तळाशी निचरा द्या.

या सगळ्या पाइपांना जागा लागते. वर्गखोल्यांचीच मजला-उंची लॅबला दिली, की डक्ट (हवेचे रुंद पाइप) तुळयांना अडतात. अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये (1965) प्रत्येक प्रयोगशाळेच्या वर माणूस उभा राहू शकेल असा वेगळा सेवा-मजला दिला. एवढं आपल्याला परवडणार नाही, पण मजला-उंची सव्वाचार-साडेचार मीटर आणि उभ्या पाइपांसाठी रुंद शाफ्ट एवढं तरी सोडाच.

पश्चिमेला काचेची भिंत नको. एप्रिलमधलं दुपारचं ऊन आणि जुलैतली पावसाची झड, दोन्ही तिथूनच येतात. कान यांच्याच फिलाडेल्फियातल्या रिचर्ड्स प्रयोगशाळांत उजेडाने डोळे दिपत, म्हणून शास्त्रज्ञांनी काचांवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावली होती. उत्तरेचा उजेड उत्तम, पण नाशिकमध्ये साधारण 21 मेपासून 23 जुलैपर्यंत सूर्य मध्यान्हीही किंचित उत्तरेला असतो. तिथेही लहानसा छज्जा हवा.

संवेदनशील सूक्ष्मदर्शक आणि तराजू तळमजल्यावर ठेवा, लिफ्ट आणि जनरेटरपासून लांब. गॅस सिलिंडर इमारतीबाहेर, सावलीत आणि साखळीने बांधलेले असावेत.

अंगावर रसायन सांडलं तर आपत्कालीन शॉवरपर्यंत दहा सेकंदांत पोहोचता आलं पाहिजे. त्याच्याखाली निचऱ्याची जाळी जरूर बसवा. ती नसली की पाणी लॅबभर पसरतं, म्हणून कोणी दर आठवड्याला शॉवर सुरू करून पाहत नाही, आणि वापरायची वेळ येते तेव्हा नळातून गंज येतो.