बर्लिन की म्युनिक? जर्मनीत येताना शहर निवडायच्या या चुका टाळा

"ताई, दोन ऑफर आहेत, म्युनिकवाले वर्षाला ७० हजार युरो देतायत आणि बर्लिनवाले ६४, कुठली घेऊ?" ओळखीतून कुणी ना कुणी मला हे विचारतच असतं, आणि मी दरवेळी उलट विचारते की घरात कोण कोण आहे, मूल कितवीत आहे, बायको काय करते. त्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं, ते नंतर बघू, आधी शहर फायनल करतो. तर पहिली चूक हीच, कारण जो ऑफिसला जाणार आहे त्याचा दिवस दोन्ही शहरांत जवळपास सारखाच जातो, फरक पडतो तो घरात राहणाऱ्या माणसाला आणि शाळेत जाणाऱ्या पोराला.

आम्ही २०१९ मध्ये पुण्याहून बर्लिनला आलो आणि २०२३ मध्ये नवऱ्याला चांगली ऑफर आली म्हणून म्युनिकला शिफ्ट झालो, त्यामुळे दोन्हीकडचं बघून लिहितेय. दोन्ही शहरं चांगली आहेत, पण निवडताना आम्ही ज्या गोष्टी बघितल्याच नाहीत त्या तुम्ही तरी बघा.

शाळेचं न विचारणं

हे सगळ्यात आधी लिहितेय कारण आम्हाला सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, म्हणजे बर्लिनहून म्युनिकला गेलं की राज्य बदलतं आणि राज्य बदललं की शाळेचे नियमच बदलतात. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. म्युनिक बव्हेरियात येतं, तिथे ती चौथीला संपते आणि चौथीच्या मार्कांवरच पुढची शाळा ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिघांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली आली तरच सरळ गिम्नाझियमला जाता येतं (व्यायामशाळा नव्हे, युनिव्हर्सिटीकडे जाणारी शाळा), आणि इथे १ म्हणजे सगळ्यात चांगला ग्रेड, आकडा वाढला की ग्रेड उतरतो. हे सर्टिफिकेट मे महिन्याच्या सुरुवातीला मिळतं.

आमची लेक बर्लिनमध्ये तिसरी पूर्ण करून आली आणि थेट या चौथीत बसली. बर्लिनलाच राहिलो असतो तर तिला अजून तीन वर्षं मिळाली असती. नऊ वर्षांची पोर, नवीन शाळा, मैत्रिणी सुटलेल्या, आणि आठवड्याआड टेस्ट. ती रात्री झोपताना विचारायची की आई मला २ नाही मिळाला तर काय होईल, आणि मला खरंच काय सांगावं कळायचं नाही. रस्ता बव्हेरियात कायमचा बंद होत नाही हे खरं, प्रवेशासाठी तीन दिवसांचे ट्रायल क्लास असतात, दुसऱ्या शाळांतून पुढे वर जाता येतं, पण हे सगळं आम्हाला म्युनिकला आल्यावर कळलं.

म्हणून मूल दुसरी, तिसरी किंवा चौथीत असेल आणि जर्मन येत नसेल तर मी स्पष्ट सांगते, पगार थोडा कमी असला तरी आधी बर्लिनचा विचार करा. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग दोन्हीकडे आहेत, पण बर्लिनमध्ये हातात वेळ जास्त मिळतो. मूल दोन-तीन वर्षांचं असेल तर हा प्रश्न लांबचा आहे, मग पुढचं वाचा.

वर्षाच्या पॅकेजची तुलना करणं

७० आणि ६४ मध्ये वर्षाला ६००० चा फरक दिसतो, तो टॅक्स, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स सगळं कापून महिन्याला साधारण अडीचशे-तीनशे युरोवर येतो, तुमचा टॅक्स क्लास (लग्न-कुटुंबावरून ठरणारा कराचा गट) कुठला त्यावर थोडं मागेपुढे. आता म्युनिक हे जर्मनीतलं भाड्याने सगळ्यात महाग शहर, तिथे हे तीनशे भाड्यातच जातात, बऱ्याचदा वर अजून घालावे लागतात.

लहान मूल असेल तर कीटा म्हणजे पाळणाघर-बालवाडीचा खर्च मांडा. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून कीटाची फी नाही, फक्त जेवणाचे महिन्याला २३ युरो आणि काही ठिकाणी थोडे वरचे, आणि म्युनिकमध्ये कुठली कीटा मिळते त्यावर खर्च ठरतो. पण एक लक्षात ठेवा, बर्लिनचं कीटा व्हाउचर (सरकारी मंजुरीपत्र) मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही, जागा आपल्यालाच दारोदार ईमेल करून शोधावी लागते.

घराची जाहिरात भारतातल्यासारखी वाचणं

जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं भाडं बहुतेक वेळा काल्टमीटे असतं, म्हणजे कोरडं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा धरून वार्ममीटे होतं, तुलना त्याची करा, आणि वीज-इंटरनेट त्याच्याही वर असतं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं कोरडं भाडं. आणि किचन नसू शकतं, म्हणजे ओटा, सिंक, गॅस, कपाटं काहीच नाही, नुसती भिंत आणि नळाचे पाईप. आम्ही म्युनिकला पहिले पाच आठवडे एका इंडक्शन शेगडीवर खिचडी आणि पोहे करून काढले.

घर न बघता कुणी डिपॉझिट मागितलं, मालक परदेशात आहे चावी कुरियरने येईल असं सांगितलं, तर तो फ्रॉड आहे, पैसे पाठवू नका. आणि तात्पुरतं घर घेताना तिथल्या पत्त्यावर आन्मेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी करता येईल का हे आधी लेखी विचारा. शिफ्ट झाल्यावर १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा नियम आहे, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि टॅक्स नंबरपासून पुढचं बरंच काही त्या नोंदणीवर अडतं. बर्लिनमध्ये त्याची अपॉइंटमेंट पटकन मिळेलच असं नाही, त्यामुळे घर पक्कं झालं की त्याच दिवशी स्लॉट शोधायला बसा.

बायकोच्या (किंवा नवऱ्याच्या) नोकरीचं "बघू नंतर"

ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा राहण्याचा आणि कामाचा परवाना) असणाऱ्याच्या जोडीदाराला जर्मनीत पहिल्या दिवसापासून काम करता येतं, परवानगी वेगळी घ्यावी लागत नाही. पण परवानगी असणं आणि नोकरी मिळणं यात खूप अंतर आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते, बर्लिनला स्टार्टअप खूप, ऑफिसची भाषाच इंग्लिश, मला सात महिन्यांत नोकरी लागली. म्युनिकला आल्यावर ती सोडावी लागली आणि तिथे माझ्या लेव्हलच्या जागांना बऱ्याच ठिकाणी बी२ जर्मन (म्हणजे कामापुरतं सफाईदार) मागत होते, माझं ए२ वर (म्हणजे जुजबी बोलण्यावर) अडकलेलं, कारण बर्लिनमध्ये इंग्लिशवर भागत होतं म्हणून मी क्लास मध्येच सोडला होता. पुन्हा नोकरी मिळायला दीड वर्ष गेलं. नवऱ्याचा वाढलेला पगार एकीकडे आणि माझा बंद झालेला पगार दुसरीकडे, हा हिशोब ऑफर लेटर बघताना आम्ही मांडलाच नव्हता.

जोडीदार एम्बेडेड सॉफ्टवेअर, ऑटोमोबाईल, चिप डिझाईन, इन्शुरन्स यातला असेल तर उलट म्युनिक जास्त चांगलं, बीएमडब्ल्यू, सीमेन्स, इन्फिनिऑन, अलियान्झ सगळे तिथलेच. म्हणून शहराचं नाव आणि जोडीदाराचा जॉब टायटल टाकून दोन्हीकडच्या जागा शोधा आणि किती ठिकाणी जर्मन मागितलंय ते मोजा, एका संध्याकाळचं काम आहे.

तुमच्या स्वतःच्या नोकरीसाठीही हेच करा. प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिसवर काढू शकतात. ब्लू कार्डवर नोकरी गेली तर परदेशी नागरिकांच्या ऑफिसला कळवावं लागतं आणि दुसरी शोधायला वेळ मोजकाच मिळतो, त्यामुळे त्या शहरात तुमच्या कामाच्या अजून पाच-सात कंपन्या आहेत का ते बघून ठेवा.

जूनमध्ये येऊन शहर आवडणं

जूनमध्ये दोन्हीकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, सगळं आवडतंच. डिसेंबरात बर्लिनला चारच्या आत सूर्य मावळतो, म्युनिक दक्षिणेला म्हणून संध्याकाळी जवळपास अर्धा तास जास्त मिळतो आणि आल्प्स जवळ असल्यामुळे बर्फ तरी दिसतो. बघायला यायचंच असेल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत या.

बारीकसारीक अजून बरंच आहे, म्युनिकला वर्षाला १३ सरकारी सुट्ट्या आणि बर्लिनला १०, म्युनिकची दुकानं रात्री आठला बंद तर बर्लिनमध्ये उशिरापर्यंत सामान मिळतं, रविवारी मात्र दोन्हीकडे बंद. आईबाबा एकटे येणार असतील तर मुंबईहून म्युनिकला लुफ्तान्साचं थेट विमान आहे, माझ्या सासूबाईंना इंग्लिश येत नाही, त्यांना मध्ये विमान बदलायला नको हे आमच्यासाठी खूप मोठं होतं.

आणि म्युनिकच ठरलं, मूलही शाळेचं आहे, तर जॉइनिंग डेट एचआरशी बोलून घ्या. बव्हेरियात शाळा सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होते, बर्लिनची त्याच्या आधी. आम्ही एप्रिलऐवजी ऑगस्ट मागितला आणि कंपनीने एका ईमेलवर दिला, त्यामुळे लेकीची बर्लिनची तिसरी तरी पूर्ण झाली.