रोमन ब्रिटनची गावं समजून घेताना या चुका टाळा

रोमन ब्रिटन, म्हणजे रोमन साम्राज्याच्या ताब्यातलं ब्रिटन, म्हटलं की मोझेकची फरशी, बाथ शहरातली स्नानगृहं आणि हेड्रियनची भिंत एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि मग चार व्हिडिओ बघून, दोन म्युझियम फिरूनही तिथली माणसं रोज कशी जगायची ते काही हाताला लागत नाही. माझ्या मते बघण्याची पद्धतच चुकते, आपण वस्तूकडे बघतो आणि ती ज्या मातीत सापडली त्या मातीकडे बघतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दगड दिसला तेवढंच गाव धरायचं. हॅम्पशायरमधलं सिल्चेस्टर घ्या, रोमन नाव कॅलेव्हा अट्रेबाटम. नंतर त्या जागेवर दुसरं शहर उभंच राहिलं नाही त्यामुळे अख्खं गाव शेताखाली तसंच राहिलं. 1890 ते 1909 मध्ये तटाच्या आतला जवळजवळ सगळा भाग उकरला गेला आणि त्याचा जो नकाशा आला त्यात ऐसपैस घरं आणि मधे भरपूर मोकळी जागा, जणू बागांचं शहर. पण ते लोक दगडी पायाच्या मागे मागे खणत गेले होते, लाकडाची नि कुडाच्या भिंतींची घरं जमिनीत फक्त मातीच्या वेगळ्या रंगाने कळतात आणि ती त्यांना दिसलीच नाहीत. पुढे 1997 ते 2014 रेडिंग विद्यापीठाने रस्त्यांच्या मधला घरांचा एकच चौकोनी गट, इन्सुला नऊ, थर थर करत सोडवला आणि त्यात लाकडी घरं, चुली, विहिरी, संडासाचे खड्डे निघाले, शिवाय सगळ्यात खाली रोमन यायच्या आधीच्या वस्तीचे रस्ते! म्हणजे गाव रोमनांनी वसवलेलं नव्हतंच. त्यामुळे कुठलाही नकाशा बघितला की आधी उत्खननाचं साल बघा, आणि शंभर वर्षं जुना असेल तर त्यातली रिकामी जागा रिकामी समजू नका.

दुसरं, नाण्यावरचं साल म्हणजे थराचं साल नव्हे, हे तर लिहून ठेवा. रोमन सेनापती मार्क अँटनीने इ.स.पू. 32-31 च्या सुमारास सैन्यासाठी पाडलेले डिनारियस, म्हणजे चांदीची नाणी, ब्रिटनमध्ये सापडतात, अगदी दुसऱ्या-तिसऱ्या शतकात पुरलेल्या ठेव्यांतसुद्धा, आणि ब्रिटन जिंकायला रोमन सैन्य तिथे उतरलं इ.स. 43 मध्ये. या नाण्यांत चांदी कमी होती म्हणून ती वितळवण्यात फायदा नव्हता आणि नाणी हातोहात फिरत राहिली. नाणं एवढंच सांगतं की हा थर त्याच्या आधीचा नाही. गॉलमधून, म्हणजे आजच्या फ्रान्सकडून, येणाऱ्या त्या चकचकीत लाल सेमियन भांड्यांचंही तेच, कुंभाराचा शिक्का असला की बनवल्याचा काळ छान कळतो पण लोक ती फुटली तरी शिशाने सांधून वापरत. तारीख जुळत नसेल तर थरातली सगळ्यात अलीकडची वस्तू शोधा आणि वरून कुणी खड्डा खणून जुनं-नवं एकत्र केलंय का ते तपासा.

मग वस्तू रोमन म्हणजे माणूस रोमचा, हा गैरसमज. आपल्याकडे कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली, त्यावरून कुणी कोल्हापुरात रोमन राहायचे म्हणत नाही, व्यापार म्हणतो. तोच विचार तिकडेही ठेवा. ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सला रेजिना नावाच्या बाईचं थडगं आहे, ती मूळची दक्षिण ब्रिटनमधल्या कॅटुव्हेलाउनी लोकांतली, आधी गुलाम, नंतर मुक्त झालेली, आणि नवरा बाराटेस थेट सीरियातल्या पाल्मायराचा, दगडावर लॅटिन मजकूर आणि खाली पाल्मायराच्या लिपीत एक ओळ. हेड्रियनच्या भिंतीजवळच्या व्हिंडोलंडाच्या किल्ल्यात बटाव्हियन म्हणजे आजच्या नेदरलँड्सकडचे शिपाई होते, आणि तिथल्या एका हिशेबात चक्क मिरी आहे, जी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूची!

किल्ला म्हणजे नुसते पुरुष असंही धरू नका. व्हिंडोलंडाला हजारो चपला-बूट निघाले त्यात बायकांचे आहेत, लहान मुलांचेही आहेत. इ.स. 100 च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेराने तिथल्या सल्पिसिया लेपिडिनाला लाकडाच्या पातळ पाटीवर 11 सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचं आमंत्रण पाठवलं, मुख्य मजकूर लेखनिकाचा पण शेवटच्या ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या, मला त्या पाटीइतकं जवळचं काही वाटत नाही. आता हे लाकूड, चामडं टिकलं कारण तिथली माती ओली आणि हवाबंद होती. लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या ऑफिसच्या जागेवर वॉलब्रुक ओढ्याच्या चिखलात लिहायच्या 405 लाकडी पाट्या मिळाल्या, एकीवर तर 8 जानेवारी 57 ही तारीख आहे आणि विषय उधारीचा. कोरड्या जमिनीच्या गावात असं काही मिळालं नाही म्हणून तिथले लोक निरक्षर होते असं म्हणता येत नाही.

बाथच्या शापाच्या पत्र्यांना, म्हणजे देवीसाठी शाप कोरलेल्या धातूच्या लहान पत्र्यांना, लोक फक्त जादूटोणा म्हणून बघतात, सुमारे 130 आहेत. ते चोरीची तक्रार म्हणून वाचा, झगा गेला, अंघोळीचे कपडे गेले, डोसिमेडिस नावाच्या माणसाचे तर हातमोजेच गेले आणि चोराचे डोळे नि बुद्धी जावी म्हणून तो देवीला साकडं घालतो. एक जोड हातमोजे जाणं किती लागायचं ते यातून कळतं.

शेवटचं, रोमन थरांच्या वर बऱ्याच शहरांत काळपट मातीचा जाड थर लागतो आणि पूर्वी सरळ लिहायचे की गाव ओस पडलं. ती माती सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर त्यात विरघळलेल्या भिंती, राख, शेण, गांडुळांनी कालवलेला कचरा दिसायला लागला, म्हणजे बऱ्याच ठिकाणी लोक होते, फक्त घरं लाकडा-मातीची होती. म्हणून रिपोर्टमध्ये "ओसाड" असं वाचलं तर पुढे मातीचे नमुने घेतले होते का तेही बघा, नसतील घेतले तर तो निष्कर्ष कच्चा धरा.